बंद काचेतलं पाणी

१

सकाळी साडेसात ते नऊ ही वेळ काच पुसायची. उद्यानात काचेच्या शिल्पांचं प्रदर्शन लागल्यापासून सुदेशने हे काम स्वतःकडे घेतलं होतं. तो तिथला सुपरवायझर. हाताखाली नऊ माळी. पण कुदळ-फावड्याला सरावलेल्या हातांवर काच सोपवायची त्याची छाती होईना. मऊ फडकं, बादलीत कोमट पाणी, त्यात दोन थेंब साबण. आधी कमळाच्या तळ्यातली काचेची पानं, मग चाफ्याखाली मांडलेली फुलं, मग बांबूच्या बनातले निळे कोंब, आणि सगळ्यात शेवटी फर्नहाऊस.

उद्यान घोडबंदर रोडपासून आत, डोंगराच्या अंगाला होतं. समोर पस्तीस-पस्तीस मजल्यांचे टॉवर. त्यांच्यापलीकडे दोनेक किलोमीटरवर खाडी होती, पण इथून ती दिसत नसे आणि तिचा वासही येत नसे. नोकरी घेताना सुदेशला तेच बरं वाटलं होतं.

फर्नहाऊस म्हणजे बुटक्या छपराची, हिरव्या जाळीने झाकलेली एक लांबट खोली. आत बारा महिने ओल. तुषारांच्या नळ्या दर वीस मिनिटांनी फुसकारायच्या, मग पानांवरून थेंब ओघळत राहायचे. नेच्यांच्या मधोमध एका दगडी चौथऱ्यावर ती काचेची बी ठेवली होती. नावच तिचं 'बी'. खाली रुंद, वर निमुळती, शेवाळी रंगाची. तिचं टोक सुदेशच्या हनुवटीला यायचं. काच इतकी जाड की आरपार बघितलं तर पलीकडची पानं वाकडी होऊन हलायची.

त्या गुरुवारी पावणेनऊला तो तिथे पोचला, आणि बीच्या तळाशी त्याला वीतभर पाणी दिसलं.

बाहेरून ओल आली असेल म्हणून त्याने फडकं फिरवलं. फडकं कोरडं निघालं. पाणी आत होतं, गढूळसर, आणि अगदी हलकं हलत होतं.

२

"काचवाल्या मॅडमनी टाकलं असेल," रतन म्हणाला. रतन फर्नहाऊसचा माळी, पन्नाशीचा, कशाचंही आश्चर्य न वाटणारा माणूस. "काल पण होतं ना थोडं. मस्त आयडिया आहे साहेब, लोक फोटो काढतात."

"टाकलं कुठून? भोक कुठाय?"

रतनने बीभोवती एक चक्कर मारली. मग खांदे उडवून तो तुषारांच्या नळ्या साफ करायला गेला.

जेवणाच्या सुट्टीत सुदेश परत आला तेव्हा बी रिकामी होती. तळाशी फक्त एक बारीक मातकट कडं राहिलं होतं. त्याने काचेवरून बोट फिरवत तडा शोधला. वरपासून खालपर्यंत, मग चौथऱ्याच्या सांध्यापाशी वाकून. केसाएवढीसुद्धा चीर लागली नाही. ओल धरत असेल, उन्हाने वाफ होत असेल. बंद बाटलीत लावलेल्या झाडांचं तसंच असतं, हे तो स्वतः शाळेच्या पोरांना समजावून सांगायचा. त्याने तेच स्वतःला समजावलं.

शुक्रवारी पाणी त्याच्या गुडघ्याच्या रेषेत आलं. साडेनऊला थांबलं आणि उतरायला लागलं. शनिवारी सव्वादहापर्यंत चढलं, मांडीच्या वर. शनिवारी त्याने काचेला बाहेरून चिकटपट्टीचे तुकडे लावून वेळा लिहिल्या. लिहिताना ध्यानात आलं की आपला हात काचेपासून चार बोटं दूरच राहतोय, पट्टी लावतानाही नखानेच दाबतोय.

आणि आवाज. तुषार थांबले की मधल्या शांततेत तो ऐकू यायचा. चुबुक, चुबुक. बांधाला पाणी लागतं तसा.

३

घर वर्तकनगरला, जुन्या वसाहतीत, चौथ्या मजल्यावर. घरात सुदेश आणि त्याची आई भीमाबाई, दोघंच. त्रेचाळिसाव्या वर्षी त्याच्या लग्नाचा विषय आता कोणी काढत नसे. पूर्वी निघायचा आणि दरवेळी एकाच ठिकाणी अडायचा. मुलाचे वडील कुठे असतात? बायको-पोराला टाकून गेले. बरं, कळवतो.

एकतीस वर्षं झाली होती त्याला. तानाजी, सुदेशचा बाप, मिठागरावर कामाला होता. भीमाबाईही तिथेच मीठ ओढायची. एका दुपारी तानाजी कपड्यांची पिशवी घेऊन खोपटला एसटी पकडायला गेला आणि परत आला नाही. तसं बारा वर्षांच्या सुदेशने घरी येऊन सांगितलं होतं. त्या आठवड्यात नवरा-बायकोचं भांडण झालेलं. बहिणीकडे पेणला निघून जातो, असं तानाजी चारचौघांत बोललेलाही. त्यामुळे पोराच्या बोलण्यावर कोणी शंका घेतली नाही. पेणला तो पोचलाच नव्हता. पुढची कितीतरी वर्षं भीमाबाई दर रविवारी खोपटच्या डेपोत जाऊन बाकावर बसायची, अलिबाग-पेणकडून येणाऱ्या गाड्यांची दारं बघत. गुडघे गेले तेव्हा जाणं थांबलं. पण कपाळावरचं कुंकू आणि हातातल्या हिरव्या बांगड्या थांबल्या नाहीत. नवरा मेल्याचं कोणी सांगितलेलं नाही, मग उतरवायच्या कशाला?

शनिवारी संध्याकाळी सुदेशने संचिताला फोन लावला. ही सगळी काच तिची. डोंबिवलीच्या एमआयडीसीत तिची भट्टी होती.

"सुदेशदादा, ते शक्यच नाही," ती म्हणाली. "काच लाल असतानाच तोंड बंद केलंय मी. आत काही असेल तर आमचा श्वास आहे. माझा आणि माझ्या मदतनीस देवेशचा, दोघांनी मिळून फुंकलीय ती."

"मॅडम, मी वेळा लिहून ठेवल्यात. गुरुवारी पावणेनऊ, शुक्रवारी साडेनऊ, आज सव्वादहा. तेवढ्या वेळेला पाणी सगळ्यात वर असतं, मग उतरतं."

"तुषारांचा टायमर असेल काहीतरी. प्रदर्शन उतरवायला येईन तेव्हा बघते मी."

त्याने फोन ठेवला. भीमाबाई जमिनीवर बसून लसूण सोलत होती. मान वर न करता ती म्हणाली, "उद्या अकराला येल."

"काय?"

"पानी. आज तेरस ना? तिथीची पावनपट कर, वर अर्धा तास खाडीचा. भरतीचं टायम हाय ते." तिने बोटांवर मोजलं, तेराची पाऊणपट पावणेदहा, वर अर्धा तास, सव्वादहा. "परवा पूनव. पावनेबारा."

हा हिशेब सुदेशलाही यायचा. बापानेच शिकवलेला. तीन दिवसांच्या वेळा स्वतःच्या हाताने लिहूनही तो आपल्याला का सुचला नाही, याचं उत्तर त्याला ठाऊक होतं.

४

रविवारी उद्यानात पाय ठेवायला जागा नव्हती. टॉवरांमधली कुटुंबं, डोंबिवली-कल्याणहून आलेले ग्रुप, आइस्क्रीमवाला, रडणारी पोरं. सुदेश साडेदहापासून फर्नहाऊसमध्ये होता. गर्दी आहे, लख्ख ऊन आहे, इतकी माणसं आहेत, असं तो मनात म्हणत होता.

पाणी आता उघड चढत होतं. लोकांना ते आवडत होतं. कोणीतरी म्हणालं, आत पंप बसवलाय. अकराला पाच कमी असताना वर जेमतेम चार बोटं जागा उरली.

त्या चार बोटांच्या जागेत काचेला आतून वाफ धरली.

बशीएवढा एक गोल, धुरकट डाग. तो हळूच विरला. मग पुन्हा धरला. विरला. पुन्हा धरला. सुदेश ते बघत राहिला, आणि कितीतरी वेळाने त्याला कळलं की आपणही त्याच तालात श्वास घेतोय. मान वर ताणून, हनुवटी पाण्याच्या वर ठेवून कोणी उभं राहिलं, तर त्याच्या तोंडासमोर काचेवर वाफ धरेल ती अशी.

"मम्मा, ते बघ ना, श्वास घेतंय," एक छोटी मुलगी म्हणाली.

"हो, किती छान केलंय ना," तिच्या आईने फोन वर धरला.

सुदेशने फर्नहाऊस रिकामं केलं. नळी फुटलीय, सगळ्यांनी बाहेर चला, असं सांगत त्याने माणसं हाताने ढकलली, दाराला कडी घातली आणि बाहेरच्या पायरीवर पाठ टेकून बसला. रतनने चहा आणून दिला. तो त्याच्या हातात तसाच निवला. दाराच्या आत चुबुक, चुबुक चाललंच होतं. आणि त्या आवाजाच्या खाली आणखी काहीतरी होतं, तीन अक्षरांचं, पुन्हा पुन्हा. काय ते समजायच्या आत त्याने कानांवर हात घेतले.

घरी गेला तेव्हा आईने त्याच्याकडे एकदाच पाहिलं.

"उद्या सोमवार. बंद असतं ना तुमचं?" ती म्हणाली. "मला ने. पावनेबाराच्या आदी."

"तुझे गुडघे, आये."

"रिक्षा कर."

५

सोमवारी उद्यानात शुकशुकाट होता. सुदेशने आईला धरून धरून आत नेलं. वाटेत काचेची कमळं होती, फुलं होती. तिने कशाकडे पाहिलं नाही. फर्नहाऊसचं दार उघडताच तिने नाक वर केलं. त्यालाही तो वास आला. चिखल, खार, उन्हात तापलेलं शेवाळ. लहानपणचा वास.

त्याने तिला प्लास्टिकच्या खुर्चीवर बसवलं. सव्वाअकरा झाले होते. पाणी अर्ध्याच्या वर आलेलं. भीमाबाई मांडीवर हात ठेवून बघत बसली. मिठागरावर उधाणाच्या दिवशी बायका बांधावर बसून पाणी बघत, तशी.

"उधानाचं हाय," ती म्हणाली.

तुषार फुसकारले, थांबले. वर वीतभर जागा उरली. मग चार बोटं. मग त्या जागेत वाफ धरली, विरली, पुन्हा धरली. भीमाबाईचे हात मांडीवर घट्ट मिटले, पण ती घाबरल्यासारखी वाटली नाही. तिने काचेवरची नजर काढली नाही.

"सुदेस," ती म्हणाली, "तुजा बाप खोपटला गेला का रं?"

एकतीस वर्षांत तिने हे कधीच विचारलं नव्हतं. तिला सांगितलं गेलं होतं, आणि तिने मानलं होतं.

"नाही," सुदेश म्हणाला.

त्याला वाटलं होतं, हे कधी बोलायची वेळ आली तर आपल्याला शब्द सापडायचे नाहीत. पण ते सगळे रांगेत उभे होते. त्या दिवशी सकाळी बाबाने त्याला मारलेलं, शाळा बुडवली म्हणून, चारचौघांसमोर. दुपारी उधाण होतं. बांधातली उघडी, म्हणजे भरतीचं पाणी आत घ्यायची वाट, तिची फळी बसवायला बाबा पाण्यात उतरला आणि फळी सरकून त्याचा पाय खाली अडकला. पाणी गुडघ्याएवढं होतं. बाबा ओरडलासुद्धा नाही. म्हणाला, जा, माणसं बोलाव. सुदेश पळाला. मिठाच्या राशीपर्यंत पळाला आणि राशीच्या मागे बसला.

"मला वाटलं, थोडा वेळ राहू दे उभा," तो म्हणाला. "सकाळी मला मारलेलं. थोडाच वेळ, आये. मी तसंच बसलेलो. पाणी एवढं लवकर चढतं हे माझ्या ध्यानातच आलं नाही."

"मंग?"

"मग मी परत गेलो तर नुसतं पाणी होतं. सपाट. रात्री ओहोटीला चोरून जाऊन बघितलं, तर बाबा नव्हता, फळी तेवढी निघालेली."

"आन पिशवी?"

"मी टाकली खाडीत. त्याचे कपडे भरून."

भीमाबाईने मान हलवली, जणू पिशवीचंच काय ते कोडं राहिलं होतं. तिच्या डोळ्यांतून पाणी येत नव्हतं. आवाजही तसाच, लसूण सोलताना असायचा तसा.

"राशीच्या मागं ऐकू येत व्हता का तो?"

"हो."

"काय बोलत व्हता?"

"माझं नाव."

काचेत आता दोन बोटं जागा होती. वाफेचा डाग बारीक झाला होता, आणि भरभर धरत-विरत होता. भीमाबाई उठली. सुदेश पुढे झाला, तर तिने हातानेच त्याला मागे ठेवलं. चौथऱ्याला धरून ती वाकली आणि काचेला कान लावला.

जागा मिटली. वाफ गेली. बी टोकापर्यंत भरली होती, आणि आतला आवाज थांबला. मग त्या गढूळ शेवाळी पाण्यात, अगदी तिच्या गालापाशी, काहीतरी फिकट असं काचेला टेकलं आणि तिथेच राहिलं. तो तळहात होता असं सुदेश शपथेवर सांगू शकणार नाही. त्याने मान फिरवली.

आई किती वेळ तशी उभी होती कोण जाणे. सरळ झाली तेव्हा तिच्या गालावर काचेचा ओला वण उमटला होता, आणि ती एकाएकी फार म्हातारी दिसत होती.

"अजून त्येच बोलतंय," ती म्हणाली. "मला नाय बोलवत."

सुदेशचे पाय आपोआप पुढे सरकले. फक्त एकदा कान लावावा, एवढंच त्याच्या मनात होतं. भीमाबाईने त्याचं मनगट पकडलं. तिच्या बोटांत इतका जोर असेल असं त्याला वाटलं नव्हतं.

"तू नको आइकू," ती म्हणाली, आणि लहान पोराला बाजारातून ओढत न्यावं तसं त्याला दारातून बाहेर घेऊन गेली.

६

प्रदर्शन ठरल्या दिवशी संपलं. काच उचलायला संचिता स्वतः टेम्पो घेऊन आली, तेव्हा सुदेश रजेवर होता. आठवड्याने तिचा फोन आला. बाकी सगळं नीट पोचलं होतं. बीबद्दल मात्र विचारायचं होतं. आतल्या बाजूला पांढरा थर धरलाय. मिठासारखा.

"तेही मी समजू शकते, काचेतून कधीकधी क्षार निघतात," ती म्हणाली. "पण वरच्या टोकाला त्या थरात चार रेघा आहेत. बोटं फिरवल्यासारख्या. दादा, आतून कोणी पुसलं?"

सुदेशने सांगितलं, मला माहीत नाही. ती म्हणाली, मी विकणार नाही ही. भट्टीच्या मागच्या खोलीत कापड टाकून ठेवलीय.

घरी भीमाबाईने त्या सोमवारीच संध्याकाळी मोरीत बसून साबणाच्या पाण्याने बांगड्या एकेक करून काढल्या. फोडल्या नाहीत. वर्तमानपत्रात गुंडाळून शेजारच्या मावशींना दिल्या, कोनाच्या पोरीला होतील म्हणाली. दर्भाचा पुतळा करून तानाजीचे दिवस घातले. भावकीतले चार जण आले. इतक्या वर्षांनी का, असं त्यांनी विचारलं, तेव्हा तिने सांगितलं, सपनात येऊन सांगून गेला. सुदेशचं नाव तिने घेतलं नाही. तेराव्याचं उरकलं, मांडव निघाला, आणि माणसं आपापल्या घरी गेली.

पण सुदेशशी ती बोलेनाशी झाली. ताट वाढायची, डबा भरायची, कपडे घडी करून ठेवायची. त्याने काही विचारलं की भिंतीकडे बघायची. त्याने एकदा तिच्या पायांवर डोकं ठेवलं. तिने पाय मागे घेतले नाहीत, आणि हातही ठेवला नाही.

७

अमावास्येच्या दुपारी सुदेश रोपवाटिकेत होता. पिशव्यांतल्या रोपांना शेणखत घालायचं काम चाललेलं. रतन आणि दोन माळणी माती चाळत होत्या. पावणेबाराच्या सुमारास त्याला वाटलं, कोणीतरी हाक मारली. कुंपणाच्या पलीकडून, टॉवरांच्या दिशेने. हातातलं घमेलं खाली ठेवून तो दोन पावलं गेला असेल, इतक्यात खिशातला फोन वाजला.

आई होती. पंधरा दिवसांनी.

"बोल, आये."

पलीकडे पंख्याचा आवाज, आणि तिचा श्वास.

"काय झालं? बरं वाटत नाही का?"

"काय नाय. फोन ठेवू नको."

तो उन्हात कानाला फोन लावून उभा राहिला. दहा मिनिटं गेली, वीस गेली. ती बोलत नव्हती, तोही बोलला नाही. रतन लांबून बघत होता. सव्वाबाराच्या पुढे कधीतरी ती म्हणाली, "जा आता. पानी लागलं उतरायला," आणि फोन ठेवला.

तेव्हापासून हे रोज चालू आहे. वेळ रोज पाऊण तासाने पुढे सरकते. तो कामावर असेल तर फोन येतो. घरी असेल तर भीमाबाई लाकडी पाट सरकवत आणते आणि त्याच्या खोलीच्या दारात, उंबऱ्याला अडवून बसते. गुडघे दुखतात, मध्येच डुलकी लागते, पण उठत नाही. ओहोटी लागली की भिंतीला धरून उभी राहते आणि पाट घेऊन जाते.

पावसाळा तोंडावर आला होता तेव्हा एका पहाटे सुदेशला जाग आली, आणि ती दारात दिसली. तो उठून तिच्यासमोर जमिनीवर बसला.

"किती दिवस बसणार आहेस अशी?" त्याने विचारलं. "मला काही होत नाही, आये. जाऊन झोप."

भीमाबाईने त्याच्या कपाळावर हात ठेवला. त्या सोमवारनंतर पहिल्यांदाच.

"तवा नाय गेलास," ती म्हणाली. "आता जाशील."